डोळ्याच्या थेंबांचं लेबल खोक्यावर लावतात की बाटलीवर? आईच्या चार बाटल्यांचा गोंधळ झालाय

पारिजात:

नमस्कार मंडळी. प्रश्न छोटा वाटेल पण गेले चार दिवस डोक्यातून जात नाहीये म्हणून इथे विचारते.

आईच्या उजव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं, छान झालं, त्याबद्दल काही म्हणणं नाही. तिला आधीपासून काचबिंदूही आहे त्यामुळे रात्री झोपताना दोन्ही डोळ्यांत लॅटानोप्रॉस्टचा एक थेंब कायमचाच, आणि आता ऑपरेशननंतर अजून तीन बाटल्या आल्या, एक अँटिबायोटिक, एक स्टेरॉइड आणि एक ते सूज आणि दुखणं कमी करायचं. औषधाच्या दुकानात प्रत्येक खोक्यावर छापील लेबल लावून दिलं, आईचं नाव, तारीख, औषधाचं नाव. मी पिशवी आईच्या हातात दिली आणि स्वयंपाकघरात गेले, तेवढ्यात आईने चारी बाटल्या खोक्यांतून काढून एका डब्यात उभ्या केल्या आणि खोकी केराच्या बादलीत. तिचं चुकलं असं मला अजूनही वाटत नाही, दिवसातून पंधरा वेळा ते कागदी खोकं उघडून बाटली काढायची, परत घालायची, हे कोण करतं सांगा.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी मी शेजारी बसून बघितलं तेव्हा कळलं की ती अँटिबायोटिक समजून स्टेरॉइड घालतेय आणि स्टेरॉइड समजून अँटिबायोटिक. म्हणजे जे सहा वेळा पडायला हवं ते चार वेळा आणि जे चार वेळा ते सहा वेळा, शिवाय स्टेरॉइडची बाटली हलवून घ्यायची असते ती न हलवताच. माझ्या पोटात गोळाच आला. लगेच दवाखान्यात फोन केला, त्यांनी बोलावून डोळा तपासला, सगळं ठीक आहे म्हणाले, वेळेत लक्षात आलं.

पण मी त्या बाटल्या हातात घेऊन बघितल्या तर कंपनीचं अक्षर मुंगीएवढं, तेही इंग्रजीत, आणि तीन बाटल्या एकाच आकाराच्या पांढऱ्या. आईचा एक डोळा नुकता ऑपरेशन झालेला, दुसऱ्यात मोतीबिंदू, नवीन चष्म्याचा नंबर अजून मिळायचाय. ज्या माणसाने ते वाचायचं त्यालाच नेमकं दिसत नाही!

तर विचारायचं हे की लेबल खोक्यावर लावायचं की बाटलीवर, याची काही ठरलेली पद्धत असते का? मी परत दुकानात गेले तेव्हा तिथला मुलगा म्हणाला बाटलीवर लावलं तर एक्सपायरी झाकली जाते. ते पटलं पण मग काय करायचं? आणि स्टेरॉइडच्या लेबलवर फक्त "डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे" एवढंच होतं, ते तसंच असतं का? महिन्याभराने दुसऱ्या डोळ्याचंही ऑपरेशन आहे म्हणून आत्ताच नीट समजून घ्यायचंय.

सहज_वाचक:

ताई, वाचून वाईट वाटलं पण यात लेबलचा दोष कमी आणि खोकं टाकून दिलं हाच मुद्दा जास्त वाटतो. खोक्यात माहितीचा कागद असतो, त्यावर सगळं लिहिलेलं असतं. खोकी जपून ठेवा आणि मोबाईलवर फोटो काढून ठेवा, झालं काम.

काउंटरमागून:

पारिजातताई, मी चौदा वर्षं औषधाच्या दुकानात फार्मासिस्ट म्हणून काम करतोय, त्यामुळे जरा सविस्तर लिहितो, कारण हा प्रश्न आमच्या काउंटरवरचा अगदी रोजचा आहे आणि आमच्याकडूनच त्यात सगळ्यात जास्त आळस होतो.

पहिलं, लेबल बाटलीवर. शिकताना आम्हाला जे सांगतात ते हेच की औषध वापरताना माणसाच्या हातात शेवटी जे उरतं त्याच्यावर लेबल हवं. मलम असेल तर ट्यूबवर, इनहेलर असेल तर इनहेलरवर, थेंब असतील तर बाटलीवर. खोक्यावर दुसरं लावलं तर उत्तमच पण फक्त खोक्यावर लावणं म्हणजे पाकिटावर पत्ता लिहून आतलं पत्र कोरं पाठवण्यासारखं आहे. सहज_वाचक दादा, तुमचा फोटोचा सल्ला चांगला आहे, पण जिला बाटलीवरचं अक्षर दिसत नाही तिला फोटोतल्या चारपैकी हातातली बाटली कुठली हे कसं कळणार, आणि कागदावर कंपनीची सर्वसाधारण माहिती असते, त्यात आईंच्या डॉक्टरांनी काय सांगितलंय ते नसतं.

आता एक्सपायरी झाकली जाते हे खरं आहे, त्या मुलाने थाप मारली नाही. अडीच किंवा पाच मिलीची बाटली म्हणजे अंगठ्याएवढी, आणि आमच्या प्रिंटरमधून निघणारं लेबल गोळ्यांच्या खोक्याच्या मापाचं. ते गुंडाळलं की बॅच नंबर, एक्सपायरी, औषधाचं नाव, किती टक्के, सगळं झाकलं जातं. शिवाय बाटली दाबायची जागाच कडक होते आणि थेंब पडेनासा होतो. यावर जुना उपाय आहे, झेंडा लेबल. म्हणजे लेबलचा मधला भाग बाटलीला चिकटवायचा, बाटलीभोवती जेवढा लागेल तेवढा गुंडाळायचा आणि उरलेली दोन्ही टोकं पाठीला पाठ लावून एकमेकांना चिकटवायची. मग बाटलीला कागदाचा एक छोटा झेंडा फुटल्यासारखा दिसतो, त्यावर मजकूर राहतो आणि बाटलीचा छापील भाग उघडा राहतो. दिसायला बेंगरूळ दिसतं पण वाचता येतं. फक्त लेबल झाकणावर चढू द्यायचं नाही, नाहीतर झाकण उघडताना पहिल्याच दिवशी फाटतं. आणि झेंडा करायला प्रत्येक बाटलीमागे अर्धं मिनिट जास्त लागतं, रांग लागलेली असली की तेच अर्धं मिनिट आम्ही वाचवतो, हे मी कबूल करतो.

फ्रिजमध्ये ठेवायच्या बाटलीवर अजून एक त्रास असतो, बाहेर काढली की दव धरतं, लेबल सुटतं, शाई फिसकटते. मी त्यावर पारदर्शक चिकटपट्टी मारतो. मार्करने थेट प्लॅस्टिकवर मात्र लिहू नका, त्या बाटल्यांचं प्लॅस्टिक मऊ आणि थोडंसं झिरपणारं असतं, जे लिहायचं ते लेबलच्या कागदावरच लिहा.

"डॉक्टरांनी सांगितल्याप्रमाणे" बद्दल. मला स्वतःला हे वाक्य अजिबात आवडत नाही. डोळ्याच्या स्टेरॉइडला ते येतं कारण तो डोस उतरत जातो, म्हणजे समजा पहिला आठवडा सहा वेळा, मग चार, मग तीन, मग दोन, मग एक, असं काहीतरी, प्रत्येक डॉक्टरांचं वेगळं असतं. एवढं सगळं त्या चिमुकल्या लेबलवर मावत नाही म्हणून चिठ्ठीवर तसं लिहिलेलं असतं आणि आम्ही तेच टाईप करतो. पण त्याचा परिणाम असा की सगळ्यात जपून वापरायच्या बाटलीवर सगळ्यात कमी माहिती असते. स्टेरॉइड लवकर बंद झालं तर सूज उसळते आणि गरजेपेक्षा जास्त दिवस चालू राहिलं तर काही लोकांचा डोळ्याचा दाब वाढतो, तुमच्या आईंना तर आधीच काचबिंदू आहे.

मी काय करतो ते सांगतो, जमलं तर तुमच्या दुकानात तसं मागा. लेबलवर न बदलणाऱ्या गोष्टी ठेवतो. म्हणजे मोठ्ठा आकडा, १, २, ३, ४. त्याखाली "उजवा डोळा". त्याखाली "स्टेरॉइड, आधी हलवा". त्याखाली "वेळा तक्त्यात बघा". आणि बदलणारी गोष्ट, म्हणजे कुठल्या तारखेपासून किती वेळा, ती एका पूर्ण पानावर मोठ्या अक्षरात तक्त्यात, तारखांसकट. "दुसरा आठवडा" असं नाही लिहायचं, प्रत्यक्ष तारीख लिहायची, कारण ऑपरेशनच्या दिवसापासून मोजायचं की दुसऱ्या दिवसापासून यावरच घरात वाद होतात. बाटलीवरचा आकडा आणि तक्त्यावरचा आकडा जुळला की झालं, वाचता आलं नाही तरी आकडा दिसतो.

जुनी_काचबिंदूवाली:

वरचं सगळं अगदी पटलं. मी अकरा वर्षं काचबिंदूचे थेंब घालतेय, सकाळ-संध्याकाळ टिमोलॉल आणि रात्री लॅटानोप्रॉस्ट, तर माझ्या अनुभवाचं थोडं.

लेबलवर एक गोष्ट कधीच नसते आणि ती मी स्वतः लिहिते, बाटली उघडल्याची तारीख. छापील एक्सपायरी न उघडलेल्या बाटलीची असते हे मला पहिली दोन वर्षं कुणी सांगितलंच नव्हतं, मी आपली दोन वर्षं पुढची तारीख बघून निवांत! एकदा सील तोडलं की बहुतेक थेंब चार आठवडे, फार तर महिना. भारतातल्या औषध नियमांच्या शेड्यूल एफएफमध्ये तर डोळ्याच्या थेंबांच्या लेबलवर उघडल्यापासून एक महिन्यात वापरा अशी सूचना छापायला सांगितलीय, ब्रिटनमध्ये साधारण २८ दिवस धरतात. लॅटानोप्रॉस्ट न उघडता फ्रिजमध्ये २ ते ८ डिग्रीत ठेवायचं असतं आणि उघडल्यावर २५ डिग्रीपर्यंत बाहेर चालतं, कंपनीप्रमाणे चार ते सहा आठवडे. काही बिनप्रिझर्व्हेटिव्हच्या खास बाटल्या जास्तही चालतात आणि एका वेळच्या छोट्या कुप्या लगेच टाकायच्या असतात, म्हणून आपापल्या औषधाचं बघून घ्या, माझं बघून ठरवू नका.

आता यातली खरी मेख सांगते. अडीच मिलीच्या बाटलीत साधारण ७० ते ८० थेंब निघतात. दोन्ही डोळ्यांत रोज एकेक म्हणजे महिन्याला ६०, बाटली आणि महिना जवळजवळ बरोबर संपतात. पण ज्यांना एकाच डोळ्यात घालायचं असतं त्यांची बाटली महिना झाला तरी अर्धी भरलेली असते आणि ती टाकवत नाही, जीव तुटतो. माझ्या मोठ्या जावेने तीच बाटली तीन महिने चालवली आणि तिला डोळ्याला इन्फेक्शन झालं, बाटलीमुळेच झालं की अजून कशाने ते मी सांगू शकत नाही पण डॉक्टरांनी पहिला प्रश्न तोच विचारला, बाटली कधी उघडली, आणि तिला सांगता येईना. तेव्हापासून घरात ज्याची त्याची बाटली असो, उघडली की मी तारीख टाकते. "उघडली" एक आणि "टाका" दुसरी. दुकानदाराने लेबलवर नुसत्या दोन रिकाम्या रेघा छापून दिल्या तरी लोक भरतील.

टिमोलॉलबद्दलही सांगायचंय. मला वाटायचं डोळ्यातला थेंब डोळ्यातच राहतो. तसं नसतं, तो नाकाकडच्या नळीतून खाली उतरतो आणि रक्तात जातो. टिमोलॉलने दमेकऱ्यांना दम लागू शकतो, नाडी मंदावू शकते. थेंब घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दोनेक मिनिटं हलकेच दाबून धरला की ते खूप कमी होतं. हे मला पाच वर्षांनी एका नर्सताईंनी सांगितलं. बाटलीवर "दमा असेल तर आधी सांगा" एवढे चार शब्द असते तर माझ्या भावाने माझी बाटली "तुझ्या डोळ्याला चालते तर माझ्याही" म्हणून उचलली नसती, त्याला दमा आहे. घातले नाहीत त्याने, हातातून काढून घेतली मी.

आणि एक, झाकणं. दोन बाटल्या एकदम उघडू नका, झाकणं अदलाबदल होतात. झाकणाच्या रंगावर विसंबून असाल तर मग सगळंच उलटं होतं. एक उघडा, घाला, बंद करा, निदान पाच मिनिटं थांबा, मग दुसरी. लगेच घातलं तर दुसरा थेंब पहिल्याला धुऊन काढतो.

ऑप्टोम_दृष्टी:

झाकणांच्या रंगाचा विषय निघालाच आहे तर लिहिते, मी ऑप्टोमेट्रिस्ट आहे. अमेरिकन अकॅडमी ऑफ ऑप्थॅल्मॉलॉजीने औषधांच्या प्रकाराप्रमाणे झाकणाचे रंग ठरवलेत, अँटिबायोटिकला फिकट तपकिरी, स्टेरॉइडला गुलाबी, स्टेरॉइड नसलेल्या सुजेच्या औषधाला करडा, बाहुली मोठी करणाऱ्याला लाल, टिमोलॉलच्या गटाला पिवळा, लॅटानोप्रॉस्टच्या गटाला निळसर हिरवा. कल्पना चांगली आहे पण सगळ्या देशांतल्या सगळ्या कंपन्या ती पाळतातच असं नाही, त्यामुळे "गुलाबी झाकण म्हणजे स्टेरॉइड" असं पाठ करू नका. मोतीबिंदूच्या माणसाला तर रंग सांगूच नये असं माझं मत. मोतीबिंदूमुळे नजरेवर पिवळट तपकिरी छटा येते, निळे-हिरवे रंग मळकट दिसतात, आणि एका डोळ्याचं ऑपरेशन झालं की त्या डोळ्याने तेच झाकण वेगळ्या रंगाचं दिसतं आणि दुसऱ्याने वेगळ्या. पारिजातताई, आईंना एकेक डोळा झाकून एखादा पांढरा कागद बघायला सांगा, त्या स्वतःच सांगतील.

पण मला मुख्य सांगायचंय ते "कुठला डोळा" याबद्दल. लेबलवर सगळ्यात जास्त चुकणारी किंवा राहून जाणारी गोष्ट हीच आहे. डोळ्यांच्या चिठ्ठीत ओडी म्हणजे लॅटिन ऑक्युलस डेक्स्टर, उजवा डोळा. ओएस म्हणजे डावा, ओयू म्हणजे दोन्ही. आता गोळ्यांच्या चिठ्ठीत तेच ओडी म्हणजे दिवसातून एकदा! दोन्ही अर्थ बरोबर, दोन्ही रोज वापरात, आणि चिठ्ठीवर नुसतं "एक थेंब ओडी" लिहिलेलं असलं तर ज्याला जो अर्थ सवयीचा तो तोच वाचतो. त्यात कानाचे एडी, एएस, एयू वेगळेच, घाईच्या अक्षरात ओ आणि ए सारखेच दिसतात. अमेरिकेतली इन्स्टिट्यूट फॉर सेफ मेडिकेशन प्रॅक्टिसेस ही संस्था चुका घडवणाऱ्या लघुरूपांची यादी ठेवते, त्यात ही सगळी आहेत. लेबलवर पूर्ण शब्द हवेत, "उजवा डोळा", आणि तेही रुग्णाच्या भाषेत.

शिवाय उजवा कुणाचा? थेंब घालणारा समोर उभा असतो, त्याच्या उजव्या हाताला रुग्णाचा डावा डोळा येतो. गंमत वाटेल पण ऑपरेशन झालेला डोळा सोडून दुसऱ्यात आठवडाभर थेंब घातलेले रुग्ण मी बघितलेत. ज्या डोळ्याचं औषध त्या बाजूच्या मनगटाला धागा बांधायला सांगते मी पहिले दिवस.

आणि तुमच्या दुसऱ्या ऑपरेशनसाठी हे नक्की लक्षात ठेवा. महिन्याभराने डावा डोळा झाला तर कदाचित उजव्याचं स्टेरॉइड दिवसातून एक-दोन वेळांवर आलेलं असेल आणि डाव्याचं सहा वेळा सुरू होईल. एकच औषध, दोन डोळे, दोन वेगळे तक्ते. ऑपरेशननंतर एकच बाटली दोन्ही डोळ्यांना वापरायची नाही, एका डोळ्यातलं इन्फेक्शन दुसऱ्यात जाऊ शकतं, म्हणजे घरात दोन हुबेहूब बाटल्या येणार. त्या वेळी लेबलवर "उजवा" आणि "डावा" नसेल तर तुम्हालाही ओळखता येणार नाही, आई तर सोडाच.

काउंटरमागून:

ऑप्टोम_दृष्टी मॅडम, ओडीबद्दल लिहिलंत ते वाचून जुनी गोष्ट आठवली आणि ती सांगायलाच हवी. माझ्या हातून हे झालंय. चिठ्ठीवर ओडी होतं, मी "दिवसातून एकदा" असं लेबल केलं, डोळा लिहिलाच नाही. डॉक्टरांना उजवा डोळा म्हणायचं होतं आणि वेळा दुसऱ्या ओळीत लिहिल्या होत्या. आजोबांनी दोन दिवस दोन्ही डोळ्यांत दिवसातून एकदा घातलं, मग सुनेने फोन केला की डॉक्टर तर चार वेळा म्हणाले होते. सुदैवाने काही बिघडलं नाही. त्या दिवसापासून चिठ्ठीवर डोळा स्पष्ट नसेल तर मी दवाखान्यात फोन केल्याशिवाय लेबल छापत नाही, मग रांग कितीही असो. आणि लेबल लावून झाल्यावर बाटली रुग्णाच्या हातात देऊन विचारतो, कुठल्या डोळ्यात घालणार, बोट लावून दाखवा. बहुतेक चुका तिथेच सापडतात.

अंधुक:

मला दोन्ही डोळ्यांनी फार कमी दिसतं, मजकूर ऐकून टाईप करतोय, चुका समजून घ्या.

युरोपियन युनियनमध्ये २००४ च्या कायद्यापासून औषधाच्या बाहेरच्या खोक्यावर नाव ब्रेलमध्ये असावं लागतं. चांगलंच आहे. पण तिथेही तेच, ब्रेल खोक्यावर आणि खोकं कचऱ्यात, बाटली गुळगुळीत. शिवाय उतारवयात नजर गेलेल्या बऱ्याच लोकांना ब्रेल वाचताच येत नाही, मलाही येत नाही, त्यामुळे मला कागदापेक्षा बोटाला लागणारी खूण हवी असते.

मी रबरबँड वापरतो. सकाळच्या बाटलीला गळ्याशी एक, दिवसातून दोनदा असलेल्याला दोन, रात्रीच्याला काही नाही. बाटलीच्या पोटाला लावू नका, दाबताना अडतं. आणि डोळ्याचे थेंब एका जागी, बाकी कुठलीही छोटी बाटली त्या जागी नाही. कारण सांगतो. मी एकदा कानाचे थेंब डोळ्यात घातले. दोन्ही बाटल्या सारख्याच, झाकण फिरवायची पद्धत सारखीच. असं जळलं की ओरडलो, बायकोने नळाखाली डोळा धरून पंधरा मिनिटं पाणी सोडलं आणि मग डॉक्टरांकडे नेलं. कानाचं औषध निर्जंतुक असायची गरज नसते आणि त्यातले काही द्रव डोळ्याला झोंबतात. चिकटवायच्या गोंदाची छोटी बाटली थेंब समजून डोळ्यात घातल्याच्या केसेस तर डॉक्टरांनी बऱ्याच नोंदवल्यात. म्हणून लेबलवर "फक्त डोळ्यासाठी" हे मोठ्यात मोठ्या अक्षरात पाहिजे, आणि कानाच्या बाटलीवर "फक्त कानासाठी, डोळ्यात नको" हेही तितकंच मोठं पाहिजे. डोळ्याच्या बाटलीवर लिहून अर्धंच काम होतं.

अजून एक मागणं सगळ्या फार्मासिस्ट लोकांना. लेबल काळ्या शाईत पांढऱ्यावर, जाड अक्षर, आणि चकचकीत नको. चकाकणाऱ्या लेबलवर दिव्याचा उजेड पडला की जे थोडंफार दिसतं तेही जातं. दुकानाचं नाव आणि पत्ता लेबलच्या अर्ध्या भागात मोठ्या अक्षरात असतो आणि कुठला डोळा ते खाली बारीक, हे उलटं करा ना. मी दुकान विसरणार नाही.

सहज_वाचक:

माझं पहिलं उत्तर घाईत दिलं होतं. खोकी ठेवा म्हणणं सोपं आहे, पण वरचं वाचून आमच्याकडच्या बाटल्या बघितल्या. वडिलांच्या दोन बाटल्या, एकीवरही लेबल नाही, उघडल्याची तारीख त्यांनाही आठवत नाही. आज नवीन आणतोय.

पारिजात:

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी समजावून सांगेल असं वाटलं नव्हतं.

काल परत त्याच दुकानात गेले, चारी बाटल्या घेऊन. त्या मुलाला झेंडा लेबल माहीत नव्हतं, मी इथलं वाचून दाखवलं, तेवढ्यात आतून मोठे फार्मासिस्ट आले आणि त्यांना माहीत होतं, म्हणाले आधी करायचो, गर्दी वाढली तसं सुटलं. त्यांनी चारी बाटल्यांना करून दिलं, मोठे आकडे टाकून. स्टेरॉइडसाठी त्यांनी समोरच डॉक्टरांच्या दवाखान्यात फोन लावला आणि तारखांसकट उतरता क्रम लिहून घेतला. फार वेळ गेला त्यांचा पण एकदाही कुरकुरले नाहीत.

तक्ता मी घरी मोठ्या कागदावर काढून कपाटाच्या दारावर लावलाय, थेंब घातला की आई त्या चौकोनात टिंब करते. पहिल्या दिवशी तिने बाटली हातात घेतली, झेंडा बोटाने सरळ केला, जरा लांब धरला आणि म्हणाली, "दोन नंबर, उजवा, हलवायची." मी मागे उभी होते, मला एकदम भरून आलं. गेले आठ दिवस ती प्रत्येक वेळी मला हाक मारायची, "बघ गं हीच ना?" आणि ते विचारताना तिला किती ओशाळं वाटत होतं ते मला आत्ता कळतंय.

रंगाचा प्रयोगही केला. डाव्या डोळ्याने कागद पिवळट दिसतो म्हणाली आणि उजव्याने पांढराशुभ्र, स्वतःच चकित झाली.

आता एकच विचारायचं राहिलं, काउंटरमागून दादा. डाव्या डोळ्याच्या बाटल्या येतील तेव्हा आकडे ५, ६, ७ करू की परत १, २, ३?

काउंटरमागून:

५, ६, ७ करा. एकाच घरात दोन "२ नंबर" नकोत. रात्रीच्या काचबिंदूच्या बाटलीचा आकडा आहे तोच ठेवा, ते औषध सुरूच राहणार आहे. फक्त ऑपरेशननंतर ती जुनी बाटली वापरायची, की दोन डोळ्यांना दोन वेगळ्या नवीन उघडायच्या, की मधे काही दिवस थांबवायचं, हे डॉक्टरांना आधीच विचारून ठेवा, दोन झाल्या तर नवीन बाटलीला ८ नंबर द्या. उजव्या डोळ्याचा कोर्स संपला की १, २, ३ च्या बाटल्यांत औषध उरलेलं असलं तरी टाकून द्या, डाव्यासाठी म्हणून ठेवू नका. आणि शक्य झालं तर उजव्या डोळ्याच्या बाटल्या एका डब्यात, डाव्याच्या दुसऱ्या डब्यात, आणि डबे आईंच्या उजव्या आणि डाव्या हाताला ठेवा.